भिंग म्हातारं होत नाही : जुन्या टेली लेन्स आणि नवे कॅमेरे

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की ही फोटोग्राफीची शिकवणी आहे. थोडीफार आहेच, पण मुख्यतः हा इतिहास आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या, दूरचं जवळ आणून दाखवणाऱ्या लेन्स, ज्यांना आपण बोलताना सरसकट 'टेली' म्हणतो, आज नव्या कॅमेऱ्यांवर बसतात, चांगलं काम देतात आणि स्वस्तात मिळतात. मग प्रश्न असा की त्या चांगल्या असतील तर स्वस्त का, आणि स्वस्त असतील तर त्यांच्यात खोट आहे का? या प्रश्नाचं उत्तर काचेत नाही, बाजाराच्या इतिहासात आहे, एवढंच आज आम्हाला सांगायचं आहे.

ही गोष्ट चिखल्यात सांगायला सोपी आहे. इथल्या डोंगरातला काळा दगड कोट्यवधी वर्षं तिथेच होता. १९०० च्या सुमारास मध्य प्रांतात मँगनीज काढायला सुरुवात झाली आणि त्याच दगडाला जगाच्या बाजारात भाव आला, कारण तिकडे पोलादाच्या भट्ट्यांना तो हवा होता. १९०९ साली भूगर्भशास्त्रज्ञ फर्मोरने भारतातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ काढला, त्यात या भंडारा जिल्ह्यातल्या खाणींची नोंद आहे. पुढे १९६२ साली 'मॉइल' झाली आणि चिखल्याची भूमिगत खाण आज तिच्याकडे आहे. पण बघा, एवढ्या सगळ्या उलाढालीत दगड बदलला का? नाही. बदलली ती त्याची गरज, आणि ती ठरली हजारो मैलांवर. शेजारच्या डोंगरी बुजुर्गचं मँगनीज डायऑक्साइड कोरड्या सेलसाठी वापरतात. तुमच्या टॉर्चला, जुन्या फ्लॅशला जे पेन्सिल सेल लागायचे, त्यात हेच खनिज. म्हणजे फोटोग्राफीशी या मातीचा संबंध तसा जुनाच म्हणायचा.

जुन्या लेन्सचंही अगदी असंच आहे. काच तीच. भाव मात्र पडला आणि चढला तो दुसऱ्याच कुणाच्या निर्णयाने.

आता आधी टेली म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. शाळेत आपण बहिर्वक्र भिंगाने उन्हात कागद जाळलेला असतो. भिंगापासून कागदापर्यंतचं ते अंतर म्हणजे नाभीय अंतर. ते जितकं जास्त, तितकी दूरच्या वस्तूची प्रतिमा मोठी पडते. ५० मि.मी.च्या लेन्सने झाडावरचा घार पक्षी ठिपक्यासारखा दिसतो; ३०० मि.मी.ला तोच सहापट मोठा. अडचण अशी, की साधं ३०० मि.मी.चं भिंग फिल्मपासून ३०० मि.मी. दूरच ठेवावं लागतं. दोन मीटर नाभीय अंतर हवं असेल तर दोन मीटरची नळी! यावर उपाय निघाला तो मागच्या बाजूला एक अंतर्वक्र भिंग घालण्याचा. पुढचं भिंग किरण गोळा करतं, मागचं त्यांना थोडं पसरवतं, आणि नळी आखूड राहूनही प्रतिमा मोठी मिळते. १८९१ साली लंडनचे थॉमस रुडॉल्फस डॉलमायर आणि जर्मनीतले मीथे व स्टाइनहाइल यांनी एकाच वर्षी, वेगवेगळेपणाने, ही कल्पना कॅमेऱ्यासाठी पुढे आणली. खरा 'टेलिफोटो' तो हा. बोलीत मात्र आपण लांब नाभीय अंतराच्या प्रत्येक लेन्सला टेलीच म्हणतो, आणि आजही तसंच म्हणू.

आता जरा महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. सोलापूर जिल्ह्यात, करमाळा तालुक्यात जेऊर नावाचं रेल्वे स्टेशन आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणातून चढून जेऊरवरून, वऱ्हाडातून, वर्धेकडून पुढे गेली. ते ग्रहण पाहायला जगभरचे खगोलशास्त्रज्ञ आपल्याकडे आले. विजयदुर्गला लॉकियर, पुलगावला न्यूअल आणि हिल्स, वऱ्हाडातल्या तळणीला ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी. जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला होते; त्यांनी पुढे या ग्रहणावर सविस्तर अहवाल छापला. आणि जेऊरलाच अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आले होते, एक अवाढव्य कॅमेरा घेऊन.

तो कॅमेरा ४० फूट लांबीचा. भिंग उंचावर बसवलेलं, काचेची प्लेट खाली जमिनीलगत, मधे अंधारी नळी. भिंगाचा व्यास फक्त पाच इंच; पण नाभीय अंतर ४० फूट, म्हणजे बारा हजार मि.मी.च्याही वर! खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटं. तेवढ्या वेळात सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाची, करोनाची, छायाचित्रं घ्यायची.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट यापुढे आहे. ते भिंग त्या ग्रहणासाठी बनवलेलं नव्हतं. अमेरिकेतल्या क्लार्क कंपनीचं ते भिंग १८८२ साली शुक्राच्या अधिक्रमणासाठी लिकला वापरलं गेलं होतं. शुक्राचं अधिक्रमण पुन्हा व्हायला एकशे बावीस वर्षं होती. म्हणजे त्या भिंगाचं मूळ काम संपलेलं. दुसऱ्या कुणी ते कपाटात ठेवून दिलं असतं. पण शेबर्ले नावाच्या त्यांच्या शास्त्रज्ञाने ते काढलं, त्याच्यामागे नवा कॅमेरा उभा केला आणि १८९३ साली चिलीतल्या ग्रहणाला वापरलं. मग ते जेऊरला आलं, आणि त्यानंतरही कित्येक ग्रहणांना जगभर फिरलं. जुनं भिंग, नवा कॅमेरा. आज एखादा मुलगा वडिलांच्या पेटीतली १३५ ची लेन्स मिररलेसला लावतो, तेव्हा तो लिक वेधशाळेचाच मार्ग चालत असतो. ही काटकसर गरिबांनी शोधलेली पळवाट नव्हे, ती विज्ञानातली जुनी, मानाची रीत आहे.

त्याच ग्रहणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. तिकडे तळणीला ॲनी माँडर यांच्याकडे अगदी लहानसं भिंग होतं, दीड इंच व्यासाचं आणि नऊ इंच नाभीय अंतराचं. बनवणारी कंपनी डॉलमायरचीच. जेऊरच्या ४० फुटी कॅमेऱ्यापुढे ते खेळणंच. पण त्यांना करोनाचा जवळचा बारकावा नको होता, तर दूरवर पसरलेले अंधूक किरण हवे होते. आणि त्या छोट्या भिंगाने करोनाचा तोवर कुणी टिपला नव्हता इतका लांब किरण टिपला. धडा साधा आहे. आधी काय पाहायचं ते ठरवा, मग भिंग. सगळ्यात मोठी लेन्स ती सगळ्यात चांगली, असं काही नसतं.

हे झालं वेधशाळांचं. आता सामान्य माणसाच्या हातात टेली कशी आली ते पाहू.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी झाइसने १८० मि.मी.ची एक मोठी सोनार लेन्स काढली. खेळाच्या मैदानाबाहेरून खेळाडूचा चेहरा दिसावा, हा हेतू. 'ऑलिंपिया सोनार' या नावानेच ती ओळखली गेली. महायुद्धानंतर जर्मनीची फाळणी झाली आणि झाइसचीही. येना शहरातला मूळ कारखाना सोव्हिएत क्षेत्रात गेला, काही तज्ज्ञ पश्चिमेला गेले. सोनारची रचना रशियन कारखान्यांत पोचली आणि तिथे 'ज्युपिटर' नावाने लेन्स बनू लागल्या. ८५ मि.मी.ची ज्युपिटर-९, १३५ मि.मी.ची ज्युपिटर-११. त्यांच्याच बरोबरीने 'ताइर' नावाच्या रशियन टेली आल्या. त्यातली ३०० मि.मी.ची ताइर-३ बंदुकीच्या दस्त्यावर बसवून 'फोटोस्नायपर' म्हणून विकली जायची. खांद्याला टेकवायची, घोडा दाबायचा, फोटो निघायचा. आज ती घेऊन नागझिऱ्याच्या फाटकावर गेलात तर वनरक्षक आधी तुमचीच चौकशी करतील!

याच काळात एक फार शहाणपणाची गोष्ट घडली. १९४९ साली पूर्व जर्मनीत काँटॅक्स एस हा कॅमेरा आला. त्याच्यावर लेन्स बसवायची ती साध्या आट्यांनी, ४२ मि.मी. व्यासाची, बरणीच्या झाकणासारखी फिरवून. याला एम-४२ म्हणतात. पुढे प्रॅक्टिका, झेनिट, जपानचं पेंटॅक्स, सगळ्यांनी हीच आटी वापरली. परिणाम असा, की येनाची सोनार, मॉस्कोजवळच्या कारखान्याची झेनिटची लेन्स आणि जपानची ताकुमार एकमेकांच्या कॅमेऱ्यांवर बसायच्या. शीतयुद्ध चालू होतं, पण लेन्सची आटी दोन्हीकडे एकच!

भारतातही याचा फायदा झाला. परदेशी चलनाची टंचाई होती, आयातीवर बंधनं होती. पण सोव्हिएत संघ आणि पूर्व जर्मनी यांच्याशी रुपयात व्यवहार चालायचा. त्यामुळे झेनिट आणि प्रॅक्टिका हे कॅमेरे आपल्याकडच्या हौशी लोकांपर्यंत पोचले. आज शहरांतल्या जुन्या बाजारात, एखाद्या बंद पडलेल्या स्टुडिओच्या कपाटात, कुणाच्या आजोबांच्या चामडी डबीत ज्या एम-४२ लेन्स निघतात, त्यामागे हा व्यापारी करारांचा इतिहास आहे.

मग इतक्या लेन्स आल्या कुठून? यातही १३५ मि.मी.च इतक्या का? कारण त्या काळी हौशी माणसाचा संसार तीन लेन्सचा असायचा. कॅमेऱ्याबरोबर ५० ची, निसर्गदृश्याला २८ किंवा ३५ ची, आणि दूरचं, चेहऱ्याचं टिपायला १३५ ची. १३५ बनवायला सोपी होती. येनाच्या प्रसिद्ध सोनार १३५ मध्ये फक्त चार भिंगं आहेत. कमी भिंगं म्हणजे कमी खर्च आणि कमी चुका. ५० ची लेन्स जशी वाईट बनवणं अवघड, तशीच १३५ चीही. म्हणून जवळजवळ प्रत्येक कंपनीने ती बनवली, भरपूर बनवली. पुढे १९७० आणि ८० च्या दशकांत झूम लेन्स सुधारल्या. ७० ते २१० असा पल्ला एकाच नळीत मिळाल्यावर वेगळी १३५ कोण बाळगणार? त्या बाजूला पडल्या. वाईट होत्या म्हणून नव्हे, गैरसोयीच्या झाल्या म्हणून.

दुसरा घाव बसला तो ऑटोफोकसचा. १९८५ साली मिनोल्टाने ऑटोफोकसची नवी पद्धत आणली. १९८७ साली कॅननने आपली एफडी नावाची जुनी बसणीच मोडीत काढली आणि ईएफ ही नवी आणली. कॅमेऱ्यावर लेन्स जिथे बसते त्या कड्याला माउंट म्हणतात. माउंट बदललं आणि एका रात्रीत लाखो चांगल्या लेन्स अनाथ झाल्या.

इथे थोडे आकडे सांगणं भाग आहे, पण ते एकदा कळले की सगळं कोडं सुटतं. प्रत्येक माउंटला एक ठरलेलं अंतर असतं, लेन्सच्या बसणीपासून फिल्मपर्यंतचं. एम-४२ चं ४५.४६ मि.मी., कॅनन एफडीचं ४२, कॅनन ईएफचं ४४, निकॉनच्या १९५९ पासूनच्या एफ माउंटचं ४६.५. जुनी लेन्स तिच्या ठरलेल्या अंतरावर बसली, तर डोंगरही स्पष्ट दिसतो आणि चंद्रही. ती त्याहून लांब बसली, तर फक्त जवळचं दिसतं, दूरचं कायम धूसर. आता हिशेब करा. एम-४२ ची लेन्स कॅनन ईएफवर? ४४ हे ४५.४६ पेक्षा कमी, म्हणजे मधे पातळ कडं टाकायला जागा आहे. जमलं. निकॉनवर? ४६.५ आधीच जास्त. नाही जमत, मधे आणखी एक भिंग घातल्याशिवाय. कॅननची स्वतःची एफडी लेन्स कॅननच्याच नव्या ईएफवर? ४२ आणि ४४. दोन मिलिमीटरने हुकलं! कंपनीने आपल्याच जुन्या गिऱ्हाइकांना दारात उभं केलं, ते या दोन मिलिमीटरमुळे.

हे अंतर एवढं मोठं का असायचं? कारण आत तिरका आरसा असायचा. तो उचलला जायला जागा लागायची. २००८ साली पॅनासॉनिकने आरसाच काढून टाकलेला जी-१ हा कॅमेरा आणला. २०१० साली सोनीने ई माउंट आणलं, अंतर फक्त १८ मि.मी. २०१८ साली निकॉन झेड १६ आणि कॅनन आरएफ २०. झालं! आता ४५.४६ मधून १८ वजा केले की उरतात २७.४६ मि.मी. तेवढ्या लांबीची पोकळ नळी, आत काच नाही, वायर नाही, काही नाही, बसवा, की जुनी रशियन लेन्स २०२० च्या जपानी कॅमेऱ्यावर अगदी मूळ जागेवर बसते. त्या नळीला ॲडॉप्टर म्हणतात. चित्रपटात हरवलेले भाऊ शेवटी एका ताईतावरून ओळखले जातात ना, तसा हा ताईत म्हणायचा.

नव्या कॅमेऱ्याने जुन्या लेन्सला आणखी दोन गोष्टी दिल्या. पूर्वी फोकस डोळ्याने अंदाजाने लावायचा. आता पडद्यावर स्पष्ट भागाच्या कडा रंगीत होऊन दिसतात, आणि हवा तेवढा भाग मोठा करून बघता येतो. दुसरं, अनेक कॅमेऱ्यांत सेन्सरच हलून हाताची थरथर सावरतो. त्यासाठी लेन्स किती मि.मी.ची, ते मेनूत हाताने भरावं लागतं, कारण जुनी लेन्स कॅमेऱ्याशी बोलत नाही. म्हणजे १९६० च्या दशकातल्या माणसाला त्या लेन्समधून जे मिळालं नसेल, ते आज तुम्हाला मिळू शकतं. भिंग म्हातारं झालं नाही. उलट त्याला नवे डोळे मिळाले.

आता प्रत्यक्ष कामाचं. तुम्ही एपीएस-सी सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा वापरत असाल तर १३५ ची लेन्स सुमारे २०० सारखी दिसते आणि २०० ची ३०० सारखी. जुनी टेली घेताना चार गोष्टी बघा. टॉर्च मारून आत पाहा, कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का. आपल्याकडे पावसाळ्यात, धानाच्या ओल्या हंगामात ही बुरशी फार लवकर धरते, म्हणून घरीही लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, चामडी डबीत नको. अपर्चरच्या पात्यांवर तेल आलंय का पाहा. फोकसचं कडं जड, अडकत फिरतंय का पाहा. आणि काचेवरचे बारीक ओरखडे पाहून फार घाबरू नका. फोटोत ते क्वचितच दिसतात, पण किंमत पाडायला उपयोगी पडतात.

दोषही लपवायला नकोत. या लेन्स उन्हासमोर धूसर होतात, म्हणून हूड हवंच. पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळी झाक येते. अपर्चर पूर्ण उघडं न ठेवता एक-दोन टप्पे बंद केलं की चित्र सुधारतं. ऑटोफोकस नाही, त्यामुळे उडता पक्षी पकडायचा तर तो कुठून जाणार ते ओळखून, तिथे आधीच फोकस लावून थांबावं लागतं. शटरचा वेग २०० ला निदान १/३०० चा, ३०० ला १/५०० चा ठेवा. आणि एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. जेऊरची गोष्ट ऐकली म्हणून कुठलीही टेली थेट सूर्याकडे रोखू नका. योग्य सौर फिल्टर पुढे लावल्याशिवाय नाहीच. आरशाच्या कॅमेऱ्यात डोळा जाईल, मिररलेसमध्ये सेन्सर.

यात पणाला काय लागलंय, ते आता सांगतो. नवीन ६०० मि.मी.ची मोठी व्यावसायिक लेन्स आपल्याकडे दहा लाखांच्या वर जाते. जुनी १३५ किंवा २०० काही हजारांत येते. हा फरक फक्त पैशाचा नाही. दूरवरचं कोण पाहणार आणि कोण दाखवणार, याचा आहे. जेऊरला, पुलगावला, तळणीला जे भिंगामागे उभे होते, ते बहुतेक बाहेरून आलेले होते. नायगमवालांसारखे अपवादच. आपल्या या पट्ट्याची, खाणींची, जंगलांची चित्रंही बरीचशी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी काढलेली. महाराष्ट्रात सारस क्रौंच उरले आहेत ते मुख्यतः गोंदिया आणि भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्यांत. पावसाळ्यात ते तिथेच घरटं करतात. त्यांच्या रोजच्या आयुष्याची नोंद करायला दोन दिवसांचा पाहुणा पुरत नाही; बांधावरून रोज जाणारा माणूसच हवा. त्याच्या हातात चांगलं भिंग हवं, आणि त्याला सारस घाबरणार नाही इतक्या दूर उभं राहण्याची समज हवी. टेलीचं पहिलं काम जवळ जाणं नव्हे, दूर राहू देणं आहे.

हे भिंग आता परवडतं. त्याची काच पन्नास वर्षांपूर्वी जशी होती तशीच आहे, जसा या डोंगरातला दगड. त्याचा भाव आधी दुसऱ्यांनी ठरवला, मोडीतही दुसऱ्यांनीच काढलं. त्याचं मोल काय, ते आता त्यातून पाहणाऱ्याने ठरवायचं.

एवढं बोलून थांबतो. ज्यांनी घरच्या जुन्या लेन्स आणल्या असतील त्यांनी पुढे या, माउंट कुठलं ते बघू, आणि मग तुमचे प्रश्न घेऊ.